तापाचे रक्त आधी, बाकी बोलणे मग

(वनहक्क दाव्यांच्या बैठकीत गोटुलात झालेले बोलणे. बोलले तसेच उतरवले आहे, काही ठिकाणी थोडे नीट करून लिहिले.)

चिखलातून, नाला ओलांडून एवढ्या टोल्यांचे लोक आले, माया-बाया लेकरं पाठीवर घेऊन आल्या. दाव्यांचे काम मोठे आहे, ते आंबील पिऊन झाल्यावर घेऊ. त्याआधी आम्हाला तापाबद्दल बोलायचे आहे. सकाळी एका सयान्याने विचारलेच, "काहून बाबू, पट्ट्याच्या बैठकीत तापाचं काय काढता? ते सिस्टरचं काम आहे." बरोबर आहे. पण एक गोष्ट ऐका, आणि मग तुम्हीच सांगा हे कोणाचे काम आहे.

गोष्ट मागच्या साली धान निसवत होतं तेव्हाची. गावाचे नाव सांगणार नाही, माणसाचेही नाही. कोणी अंदाज बांधू नका. त्याच्या घरच्या बाईला विचारून, ती हो म्हणाली म्हणून सांगतो आहोत.

आपल्याच कामातला माणूस. अडीच एकराचा दावा टाकलेला. त्याला एचआयव्ही होता आणि तीन वर्षांपासून तो जिल्ह्याच्या एआरटी केंद्रातून गोळ्या आणत होता. नांगर धरत होता, मोह वेचत होता, बैठकीला सगळ्यांच्या आधी येऊन चटया टाकत होता. गोळ्या नीट घेतल्या की माणूस असा उभा राहतो. गावात उघड कोणाला सांगितलेले नव्हते, पण कुजबुज होतीच. आपल्याकडे कुजबुजीला पाय लागत नाहीत.

धान निसवले की रानडुकरं येतात. तो रोज रात्री वावरात मचाणावर रखवालीला झोपत होता. पांघरायला एक घोंगडी, बाजूला शेकोटी, मच्छरदाणी नाही. मग थंडी वाजून ताप आला. पहिल्या दिवशी घरचा पाला दिला. दुसऱ्या दिवशी उतरला, तिसऱ्या दिवशी परत चढला. बाई म्हणाली आशाला बोलवते. तो नाही म्हणाला. आशा त्याच टोल्यातली, घरात आली तर तिला गोळ्यांचा डबा दिसेल, ही भीती. शेजारी काय म्हणाले? म्हणाले, "त्याला तर ते आहेच. आता त्याचं काही खरं नाही."

चौथ्या दिवशी आम्ही त्या घरी गेलो होतो. दाव्याच्या कागदावर त्याची सही राहिली होती. तो खाटेवर घोंगडीत कुडकुडत पडला होता. आम्ही कागद पुढे केला, त्याने थरथरत्या हाताने सही केली, आम्ही म्हणालो "आराम करा दादा," आणि पुढच्या घरी गेलो. आम्ही रक्त तपासा म्हणालो नाही. आमच्याही मनात तेच होते, त्याला तर ते आहेच.

सहाव्या दिवशी तो ओळखेना. बंडीवर टाकून सडकेपर्यंत आणला, तिथून गाडी. दवाखान्यात बोटाचे रक्त घेतले तर फाल्सिपेरम निघाला, मेंदूत चढलेला मलेरिया. त्याच रात्री गेला.

गावात आजही म्हणतात मोठ्या बिमारीने नेला. तसे नाही. तो मलेरियाने गेला. ज्या मलेरियाच्या गोळ्या चार घरं सोडून आशाच्या पेटीत फुकट पडलेल्या होत्या. पहिल्या दिवशी रक्ताचा एक थेंब घेतला असता तर या बैठकीत चटया त्यानेच टाकल्या असत्या असे आम्हाला वाटते.

आता नीट समजून घेऊ, कारण या दोन बिमाऱ्यांची लोक खिचडी करतात.

पहिले, मच्छर चावल्याने एचआयव्ही होत नाही. एचआयव्हीवाल्याला चावलेला मच्छर तुम्हाला चावला तरी होत नाही. मच्छर चावताना आपली लाळ आत सोडतो, आधी प्यालेले रक्त सोडत नाही. एचआयव्हीचा विषाणू मच्छराच्या पोटात वाढत नाही, पचून जातो. मलेरियाच्या जंतूचे उलटे आहे. तो मच्छराच्या अंगातच वाढतो, लाळेपर्यंत पोचतो आणि लाळेबरोबर आपल्या अंगात येतो. म्हणून एका खाटेवर बसा, एका ताटात जेवा, एका मच्छरदाणीत झोपा, एचआयव्ही त्याने लागत नाही. तो लागतो निरोध न वापरता केलेल्या संबंधाने, दूषित रक्ताने, एकच सुई अनेकांना टोचल्याने आणि आईकडून लेकराला. आईने वेळेवर गोळ्या घेतल्या तर लेकराला लागणेही बहुतेक टळते.

दुसरे, ज्याला एचआयव्ही आहे त्याला मलेरिया जास्त का झोंबतो. आपण वावराला रखवालदार ठेवतो तसे शरीरातही रखवालदार आहेत, रक्तातल्या पांढऱ्या पेशी. एआरटी केंद्रात सीडी-४ मोजतात ते याच रखवालदारांची मोजणी. एचआयव्ही त्यांनाच मारतो. आपण लहानपणापासून या जंगलात ताप काढत आलो, म्हणून आपल्या रखवालदारांना मलेरियाचा चोर थोडाफार ओळखीचा झाला आहे. म्हणून कितीतरी सयाने अंगात ताप असताना मोळी आणतात आणि म्हणतात, "हा तर आमचा रोजचा ताप." रखवालदार कमी झाले की ही ओळख कामाची राहत नाही. जंतू रक्तात भराभर वाढतात, ताप पुन्हा पुन्हा येतो आणि मेंदूवर, मूत्रपिंडावर चढण्याचा धोका वाढतो. दक्षिण आफ्रिकेत, जिथे मलेरिया वर्षभर नाही तर हंगामात येतो, तिथे दवाखान्यात आलेल्या मलेरियाच्या मोठ्या माणसांत एचआयव्ही असलेल्यांना मलेरिया जास्त गंभीर झाला, ते जास्त दगावलेही. आपल्याकडेही तो हंगामातच येतो, पाऊस लागला की धान कापून होईपर्यंत.

उलटही होते. मलेरियाचा ताप असताना एचआयव्हीचा विषाणू रक्तात वाढतो. मलावी देशात हे मोजून पाहिले आहे. मलेरिया बरा झाला की तो काही आठवड्यांत परत खाली येतो. पण एका पावसाळ्यात तीन वेळा ताप आला तर तीन वेळा तो वर चढणार. म्हणजे एक बिमारी दुसरीला खाऊ घालते.

आता चांगली गोष्ट. युगांडा म्हणून आफ्रिकेतला देश आहे, तिथल्या खेड्यांत एचआयव्ही असलेल्या लोकांना तीन गोष्टी दिल्या. रोजची सल्फाची गोळी, एआरटीच्या गोळ्या आणि औषध लावलेली मच्छरदाणी. २००६ साली त्याचा हिशोब छापून आला. तिन्ही मिळून मलेरिया सुमारे ९५ टक्क्यांनी कमी झाला. शंभर वेळा ताप यायचा तिथे पाच वेळा. ते गाव आपल्यासारखेच, मातीची घरं, जवळ पाणी, दवाखाना दूर. आणि या तिन्ही गोष्टी आपल्याकडे सरकारकडून फुकट मिळतात. एआरटीच्या गोळ्या तर देशात २००४ पासून फुकट आहेत.

मच्छरदाणीवर थोडे जास्त बोलतो, कारण इथेच आपले घोडे अडते.

मलेरियाचा मच्छर दिवस मावळल्यापासून पहाटेपर्यंत चावतो, जास्त करून आपण गाढ झोपतो तेव्हा. म्हणून दाणी झोपायच्या वेळची आहे. आपल्याकडे वाटलेल्या औषधाच्या दाण्यांचे काय होते ते सगळ्यांना माहीत आहे, हसू नका. काही बोडीत मासे धरायला गेल्या. काही भाजीच्या वाफ्याला कुंपण झाल्या. काही पाहुण्यासाठी पेटीत घडी करून ठेवल्या आहेत. मासे धरू नका, त्यातले औषध माशाला मारते आणि दाणी फाटते ती वेगळीच. नवी दाणी एक दिवस सावलीत टांगून ठेवा, म्हणजे आग होत नाही. धुवायची तर थंड पाण्यात, साध्या साबणाने, आपटायचे नाही, सावलीत वाळवायची. उन्हात टाकली की औषध मरते. रात्री कडा चटईखाली खोचा. भोक पडले तर त्याच दिवशी टाका घाला.

आता आमचा खरा मुद्दा. दाण्या वाटायला येतात तेव्हा घर मोजून देतात. घरात माणसं सात आणि दाण्या दोन. शिवाय एक माणूस चार महिने वावरात झोपतो, त्याची मोजणी कुठेच नाही. सरकारी कागदात आपले मचाणच नाही! दाव्याच्या कामात आपण काय शिकलो? जे वावर कसतो ते कागदावर आणायचे. मग मचाणही कागदावर आणा. गावाने आपली यादी आपण करायची, घरांची नाही, झोपायच्या जागांची. खाट किती, चटई किती, वावरातले मचाण किती. ती यादी ग्रामसभेच्या ठरावासोबत प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यायची आणि पोच घ्यायची. यात आणखी एक फायदा आहे. ज्याला एचआयव्ही आहे त्याला "मला आधी द्या" असे म्हणावे लागत नाही. प्रत्येक झोपायच्या जागेला दाणी, म्हणजे त्यालाही दाणी. कोणी विचारणार नाही, कोणाला कळणार नाही.

दाण्या पुऱ्या पडेपर्यंत घरात पोटुशी बाई, लहान लेकरं आणि रोज गोळ्या खाणारा माणूस, यांना आधी झोपवा.

फवारणीचेही सांगून टाकतो. फवारणीवाले आले की आपण म्हणतो वास येतो, ढेकूण वाढतात, कोंबड्या मरतात. किंवा मारू देतो आणि आठ दिवसांनी पोळा आला की सगळ्या भिंती शेणामातीने सारवून काढतो. औषध सारवणाखाली गेले. मच्छर चावून झाल्यावर भिंतीवर बसतो, तिथे त्याला औषध लागले पाहिजे. म्हणून सारवायचे ते फवारणीच्या आधी. नंतर निदान अडीच महिने भिंतीला हात लावायचा नाही. बायांना हे जड जाईल, सणाला घर तसेच कसे ठेवायचे. आमच्या घरीही यावरून बोलणी झाली. अंगण सारवा, ओटा सारवा, भिंती सोडा, असे ठरले.

जंगलातला नाला तर आपण बुजवू शकत नाही. बोडीत, विहिरीत गप्पी मासे सोडता येतात, घराजवळचे डबके वाहते करता येते. कडुलिंबाचा धूर, तेल याने मच्छर थोडे दूर राहतात, पण त्याच्या भरवशावर दाणी सोडू नका.

आता ताप आलाच तर. हा भाग नीट ऐका, खास करून ज्यांच्या घरी कोणी रोज गोळ्या खातो त्यांनी. कोण ते आम्ही विचारत नाही, फक्त ऐकून ठेवा.

ताप आला त्याच दिवशी रक्त द्या. उद्या नाही. आशाकडे पट्टीची तपासणी आहे, बोटाच्या एका थेंबाने पंधरा-वीस मिनिटांत कळते. फाल्सिपेरम असला तर तीन दिवसांच्या गोळ्या आणि प्रायमाक्विनचा एक डोस. व्हायव्हॅक्स असला तर क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस. दोन दिवसांत ताप उतरतो आणि आपण उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी छपरात खोचून ठेवतो. असे करू नका. पुऱ्या खा. रिकाम्या पोटी नाही, आंबील पिऊन. गोळी लगेच उलटून पडली तर आशाला परत सांगा. आणि मलेरियाच्या गोळ्या सुरू आहेत म्हणून एआरटीची गोळी एक दिवसही बंद करायची नाही. लोक म्हणतात इतक्या गोळ्या एकदम गरम पडतील. गरम पडत नाहीत. बंद केल्याने मात्र विषाणू डोके वर काढतो.

इथे एक अडचण आहे आणि ती आम्हाला आत्ता कळली. आधी आम्हालाही माहीत नव्हती.

एचआयव्हीमुळे ज्यांची ताकद कमी झालेली असते त्यांना एआरटीसोबत रोज एक सल्फाची गोळी देतात. तिचे नाव कोट्रायमोक्साझोल, बरेच जण सेप्ट्रान म्हणतात. ती दुसऱ्या संसर्गांपासून वाचवते आणि मलेरियाही थोडा आवरते. पण फाल्सिपेरमवर आपल्याकडे ज्या तीन दिवसांच्या गोळ्या मिळतात, त्यात पहिल्या दिवशीच्या गोळीतही सल्फाच आहे. एक सल्फा रोज चालू आणि वरून दुसरी सल्फा, याने अंगावर फोड येणे, रक्ताला त्रास होणे, असे धोके वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेचेही सांगणे आहे की रोज कोट्रायमोक्साझोल घेणाऱ्याला हे सल्फावाले औषध टाळावे, मलेरियाचे दुसरे औषध द्यावे. दुसरे औषध आहे. ते कोणते, किती, हे डॉक्टर ठरवतील.

पण डॉक्टरला किंवा आशाला हे कळणार कसे? सांगितले तर कळणार. आणि सांगायचे तर सगळे सांगावे लागते असे माणसाला वाटते. मग तो गप्प राहतो किंवा रक्तच देत नाही. आपला माणूस असाच गेला.

म्हणून आम्ही जिल्ह्याच्या केंद्रातल्या समुपदेशक बाईंना विचारले, यातून वाट काय. त्यांनी सांगितले ते असे. आशाला बिमारीचे नाव सांगायची गरज नाही. एवढेच म्हणा, "मी रोज सल्फाची गोळी खातो, मला दुसरी सल्फा चालत नाही." सल्फाची गोळी माणूस दहा कारणांनी खातो, त्यावरून कोणी काही ओळखत नाही. किंवा त्या गोळीच्या पट्टीचा रिकामा तुकडा बटव्यात ठेवा, तो दाखवा. आशाने त्याच दिवशी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला विचारायचे किंवा तुम्हाला तिथे पाठवायचे. त्याच दिवशी, हे विसरू नका. सल्फा चालत नाही म्हणून गोळीच न खाता घरी पडून राहणे हे सगळ्यात वाईट. डॉक्टरला मात्र शक्य असेल तर पूर्ण सांगा. त्यांनी ते कोणाला सांगायचे नाही, तसा कायदाच आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माणसाच्या संमतीशिवाय त्याची बिमारी उघड करणे त्यात मना आहे.

आशा ताईंना आमचे सांगणे आहे, तुमच्यावर आमचा राग नाही. तुम्ही आमच्याच लेकी-सुना आहात, रात्री-बेरात्री धावता. पण माणूस तुम्हाला घाबरून दार बंद करतो, याचे तुम्हालाही वाईट वाटत असेल. रक्त घेताना घरातला डबा, पुडी, फाईल, काही दिसले तरी दिसले नाही असे करा. आणि सगळ्यांनाच विचारायची सवय लावा, "रोज कोणती गोळी खाता का?" सगळ्यांना विचारले की कोणाला बोचत नाही.

पट्टीत मलेरिया निघाला नाही आणि ताप चालूच आहे, तर काचेवरचे रक्तही तपासून घ्या. एचआयव्ही असलेल्या माणसाचा ताप टीबीचाही असू शकतो. खोकला, वजन उतरणे, रात्री घाम, असे असेल तर थुंकी तपासायची. मलेरिया नाही निघाला म्हणजे काही नाही, असे समजून घरी बसू नका.

आणि पट्टीची वाट न बघता थेट गाडी करायची वेळ कोणती? माणूस ओळखत नाही, झटके येतात, पोटात काही थांबत नाही, उठून बसता येत नाही, दम लागतो, डोळे पिवळे होतात, लघवी काळी किंवा लाल होते. यातले एक जरी दिसले तरी बंडी जुंपा. काळ्या लघवीचे आणखी एक. आपल्या काही घराण्यांत जन्मापासून रक्ताचा एक दोष असतो, त्यांना प्रायमाक्विन सोसत नाही. गोळी खाल्ल्यावर लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर. आधी कोणाला घरात असे झाले असेल तर गोळी घेण्याच्या आधीच सांगा.

रक्ताचेच बोलतो आहोत तर सिकलसेल विसरून चालणार नाही. आपल्यात तो किती घरांत आहे. मलेरिया रक्त खातो, सिकलसेलमध्ये रक्त आधीच तुटत असते, आणि एआरटीच्या काही गोळ्यांनी काहींचे रक्त कमी होते. तिन्ही एका अंगात आले तर माणूस पांढरा पडायला वेळ लागत नाही. ज्यांच्याकडे सिकलसेलचे कार्ड आहे त्यांनी तापात ते सोबत न्यायचे.

पोटुशी बाईंना मलेरिया झाला तर जंतू वारेत लपतो. बाहेरून ताप थोडासाच दिसतो, पण आईचे रक्त उतरते आणि लेकरू लहान भरते. एचआयव्ही असेल तर हे जास्त होते. म्हणून पोटुशीने ताप आला की "दिवस गेलेत" हे आधी सांगायचे, कारण तिच्या गोळ्या वेगळ्या असतात, प्रायमाक्विन तिला देत नाहीत. नवऱ्याने सोबत जायचे. दारू पिऊन नाही.

बोलणे झाल्यावर काही प्रश्न आले, तेही लिहितो.

एका मायने विचारले, पुजाऱ्याकडे जायचे नाही का. जा. आम्ही पुजाऱ्याच्या विरोधात नाही. त्याच्या झाडपाल्याने किती जण बरे झालेले आम्ही पाहिले आहेत. पण रक्ताचा थेंब आधी देऊन जा. इथे बसलेले एक पुजारी आजोबा स्वतः उठून म्हणाले, "माझ्याकडे तापाचा माणूस आला तर मी पहिले विचारीन, बोट टोचलं का?" टाळ्या त्यांना जास्त पडल्या, आम्हाला नाही.

एका पोराने विचारले, ज्यांना एचआयव्ही आहे त्यांची नावे गावाला सांगितली तर मदत करायला सोपे नाही का. नाही. मदतीला नाव लागत नाही, वर मचाणाचे बोललो ते म्हणूनच. त्यानेच पुढे विचारले, ही बिमारी बाहेर मिरची तोडायला गेलेल्यांनीच आणली ना. आपण बाहेर का जातो? इथे जमिनीचा कागद नाही, धान खाण्यापुरते पिकत नाही, म्हणून जातो. कोणी कुठून आणले हे विचारून कोणाचा ताप उतरत नाही.

आता राहिला दावा. तो माणूस गेल्यावर पंधरा दिवसांत त्याच्या भावांनी बाईला म्हटले, दाव्यातले नाव आता आमचे टाका, तू तर आज ना उद्या जाशील. एक जण ग्रामसभेतही असेच बोलला. तिचे स्वतःचे रक्त तपासले की नाही, काय निघाले, हे आम्ही सांगणार नाही आणि तुम्ही विचारू नका. दाव्याशी त्याचा काहीच संबंध नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्यात काय लिहिले आहे ते पुन्हा सांगतो. कलम ४ पोटकलम ४. नवरा-बायको असतील तर पट्टा दोघांच्या नावे. घर एकट्या माणसाचे असेल तर त्या एकट्याच्या नावे, तो बाई असो की बुवा. हा हक्क वारसाने जातो, विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ते वावर दोघांनी मिळून कसले. बांध तिने घातले, रोवणी तिने केली. ती कोणाच्या मागून आलेली वारस नाही, ती स्वतः दावेदार आहे. एचआयव्हीमुळे, किंवा घरात कोणाला तो होता म्हणून, हक्क काढून घ्यायला त्या कायद्यात जागा नाही. २०१७ चा कायदाही अशा भेदभावाच्या विरोधातच आहे.

ग्रामसभेत दोन वेळा भांडण झाले. तिसऱ्या वेळी बाया उठल्या आणि म्हणाल्या, आमच्यापैकी कोणाचा नवरा उद्या गेला तर आमचेही असेच करणार का. तेव्हा पुरुष गप्प झाले आणि ठराव लिहिला गेला, दावा तिच्या एकटीच्या नावाने. मोजणी मात्र अजून व्हायची आहे. ती धान कापल्यावर होईल. त्या दिवशी भाऊ अडवायला येतील असे तिला वाटते, म्हणून जवळच्या टोल्यांतून निदान दहा-बारा जणांनी तिच्या बांधावर उभे राहावे अशी विनंती आहे. बाया जास्त आल्या तर बरे. तारीख कळली की निरोप पाठवू.

तिने या साली रखवालीला मचाण परत बांधले आहे. दोन मोठी पोरं आळीपाळीने झोपतात. दाणी एकच होती, ती तिने घरून मचाणावर नेली, कारण घरात निदान भिंतीला फवारा आहे. म्हणजे धाकट्यासोबत ती घरात दाणीशिवाय झोपते. झोपायच्या जागांची यादी आम्ही तिच्याच गावापासून सुरू केली आहे. आज परत जाताना प्रत्येक गावाच्या वनहक्क समितीने कोरी यादी घेऊन जा, कागद दाराजवळ ठेवले आहेत. लिहिता येणारे पोरं-पोरी सोबत घ्या, मचाण विसरू नका.

आंबील आली आहे. पिऊन घ्या, मग दाव्याच्या फायली काढू.

जोहार.